सोळा नंबरचा पोशाख

४ नोव्हेंबर

झाली मापं! एकवीस मुली, दोन दिवस, टेप गळ्यातून खाली उतरली नाही. वर गायनवाल्यांचे तीस सदरे आहेतच. आणि वाद्यवृंदातला तो जाडा ट्रम्पेटवाला — दर वर्षी बटणं तोडतो आणि दर वर्षी मलाच विचारतो, कापड आटलं का मावशी? आटलं हो. तुझ्या जेवणाच्या वेळेलाच आटतं ते.

कपडेपटाच्या दारावर कागद लागला. सात कार्यक्रम, दर शनिवारी एक. गाणं, वाद्यं, नाटकाचा एखादा प्रवेश, आणि प्रत्येक वेळी शेवटी नाच — तोच, नदीचा. नदी म्हणजे सोळा नंबर. मी मुलींना पोशाखाच्या नंबरानेच ओळखते, एकवीस नावं कोण लक्षात ठेवणार? ही सोळा नंबर शेवटी पुरुषभर उंच लाकडी चौथऱ्यावर, लेव्हलवर, चढते, पाठ फिरवते आणि मागच्या मागे पडते. खाली सहा जणी झेलतात. तालमीत मी डोळे मिटून उभी होते. मला नाही बघवत असलं काही.

माप घेताना तिने विचारलं, किती भरलं मावशी? सांगितलं नाही. आमचा नियमच आहे — माप वहीत जातं, मुलीच्या कानात नाही. नाचाच्या बाईंनी तर कॉलेजातला वजनकाटाही तीन वर्षांपूर्वी हलवला, मुली दिवसभर त्यावरच उभ्या असायच्या म्हणून. सोळा नंबर हसली. म्हणाली, "असू दे. पोशाख सांगेल."

गोड आहे पोरगी. जरा अबोल.

१० नोव्हेंबर

काल पहिला कार्यक्रम झाला. विंगेतून बघते तर सोळा नंबरच्या पाठीवर चुणी! पाच दिवसांत सैल? माझं माप चुकलं म्हणावं तर पंचवीस वर्षांत चुकलेलं नाही. आज बसून कंबरेशी दोन्हीकडून आत घेतलं. नऊ नंबरचं आणि अकरा नंबरचंही जरासं घेतलं. तालमी जोरात असल्या की होतंच.

कापड कापायचं मात्र नाही. पुढच्या वर्षी तोच पोशाख दुसरीला मोठा करून द्यावा लागतो. म्हणून जुनी शिवण तशीच ठेवायची, तिच्या आत नवी मारायची. बाईंचा आणखी एक दंडक — शनिवारी पोशाख अंगाला चोख बसला पाहिजे आणि आपण काय केलं ते मुलीला कळता कामा नये. लक्ष कपड्यात गेलं की पाऊल चुकतं म्हणतात.

१७ नोव्हेंबर

सोळा पुन्हा सैल होता. परवा परत आत घेतला. काल हूक लावताना तिला काही म्हणजे काही कळलं नाही! इस्त्रीवाले काका म्हणाले, मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दिवसभर बरं वाटत होतं.

फक्त तिची पाठ. हूक लावताना बोटं लागली — केवढी गार!

२० नोव्हेंबर

सोळा नंबर जिन्यात बसलेली दिसली. काय गं, विचारलं. म्हणे बुटाचे बंद बांधतेय. तिच्या बुटाला बंद नाहीत.

२४ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा घेतलं. आता मनात पाल चुकचुकायला लागली आहे. काल नाच संपल्यावर मी मुद्दाम तिच्यासाठी केळं आणि दोन उकडलेली अंडी नेली. थँक्यू मावशी म्हणाली, हातात घेतली, हसली. आज केर काढणारीने आरशामागून काढून दाखवलं. जसंच्या तसं.

यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. म्हणे, अगं, तुझं काम सुईचं, तोंडाचं नाही. बाई आहेत, तिचे आईबाप आहेत, तू कशाला मध्ये पडतेस? आणि जानेवारीत कॉलेजची सही व्हायची आहे तुझ्या पुढच्या नेमणुकीच्या कागदावर, ते लक्षात ठेव.

लक्षात आहे हो. रोज लक्षात असतं. मागच्या कपडेपटवालीला एका बोलण्यावरून घरी बसवलं, तेही लक्षात आहे.

१ डिसेंबर

चौथा कार्यक्रम झाला. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

लेव्हलची शिडी चढताना ती तिसऱ्या पायरीवर थांबली. वाद्यवृंद वाजतोय, लोकांना वाटलं नाचातलंच आहे. मला दिसलं — गुडघा थरथरत होता. मग चढली. पडली. झेलली. टाळ्या! मी विंगेतल्या दोराला धरून उभी. पडदा ओढणारा म्हणाला, मावशी, तो दोर सोडा, माझा आहे.

आज धीर करून बाईंकडे गेले. वाईट नाहीत त्या, पण डोळ्यांपुढे नाच सोडून काही नाही. म्हटलं, सोळा नंबर फार उतरलीय. त्या म्हणाल्या, हो ना, आता खरी नदी दिसतेय, बघितलंत लोक कसे श्वास रोखून बसतात? आणि मग जरा थांबून — खातेय ना ती? मी म्हणाले, विचारायला हवं. त्या म्हणाल्या, विचारते. आणि तालमीला गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. वही काखेत होती माझ्या! सगळी मापं तिच्यात. उघडून पुढे का धरली नाही? मूग गिळून परत आले. भित्री आहे मी. जन्माची भित्री.

४ डिसेंबर

बाईंनी विचारलं म्हणे. ती म्हणाली, भरपूर खाते. संपलं.

८ डिसेंबर

पाचवा झाला. पोशाखाच्या आत आता शिवणींच्या रांगा झाल्या आहेत. दुमडलेलं कापड एवढं जमलं की इस्त्री बसेना. काका कुरकुरले — आत काय रजई भरलीत का? आम्ही दोघंही हसलो नाही. त्यांनी ती घडी चिमटीत धरून जाडी बघितली आणि चहा ओतायला गेले.

१३ डिसेंबर

देवा, मी काय करून बसले!

उद्याच्या सहाव्या कार्यक्रमासाठी आज पोशाख घालून तालीम होती. मी हूक लावत होते. सोळा नंबर आरशात बघत होती. पोटावरून हात फिरवला आणि एकदम डोळ्यांत पाणी. म्हटलं, लागलं का काही? टोचलं?

"मावशी, अजून तितकाच घट्ट बसतो," म्हणाली. "पहिल्या दिवशी होता ना, अगदी तितकाच. एवढं सगळं करून एक सूतसुद्धा फरक नाही. माझंच चुकतंय कुठेतरी. अजून कडक राहायला हवं."

माझ्या हातातला हूक सुटला.

पोशाख सांगेल, म्हणाली होती. पहिल्याच दिवशी! काटा नाही, माप कुणी सांगत नाही, आरशात तिला काय दिसतं ते तिलाच ठाऊक. ती दर शनिवारी पोशाखाला विचारत होती. आणि दर आठवड्याला मी त्याला खोटं बोलायला लावत होते. कळू न देता. चोख. केवढा तोरा होता मला त्या हाताचा!

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हूक लावला. हो, लावला. सगळे लावले.

१४ डिसेंबर

तिला पाठवलं रंगमंचावर. मी. माझ्या हाताने तयार करून.

पडली तेव्हा सरळ पडलीच नाही. बाजूला कलली. नऊ नंबरने हात लांब केला म्हणून — नाहीतर डोकं लाकडावरच. लोकांना काही कळलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नऊ नंबरचा हात सुजलाय.



१५ डिसेंबर

रविवार. पोशाख घरी आणला. आजवर कधी आणला नव्हता. जेवणं झाल्यावर खिडकीपाशी बसले आणि बारीक कात्री घेऊन आतली शिवण उसवायला लागले.

हे म्हणाले, काय चाललंय? सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सगळं. म्हटलं, बोलायचं असेल ते बोला, पण मी थांबणार नाही. यांनी चष्मा लावला, समोर बसले आणि पोशाखाची दुसरी बाजू ताणून धरली, मला टाके दिसावेत म्हणून.

एक आठवडा. त्याच्या आधीचा आठवडा. त्याच्या आधीचा. प्रत्येक शिवण इतकी सुबक होती की उसवायला त्रास झाला. शेवटी फक्त मापाच्या दिवसाची मूळ शिवण राहिली. पोशाख खुर्चीच्या पाठीला टाकला. यांनी बघितला. म्हणाले, ही एवढी होती?

उद्या तिला घालायला देणार. कागदावर सही होवो न होवो. पण भीती त्याची नाहीच. सैल झालेला बघून ती खूश झाली तर?

१६ डिसेंबर

बाईंनाही बोलावून घेतलं. म्हटलं, पाच मिनिटं, पोशाखाचं काम आहे. दार लावलं. वही टेबलावर उघडी ठेवली.

सोळा नंबरने पोशाख घातला. हूक मीच लावले. मी हात काढला आणि पोशाख तिच्या खांद्यांवरून नुसता लोंबत राहिला. मध्ये आणखी एक मुलगी मावली असती.

तिने आरशात बघितलं. आणि हसली. अगदी क्षणभर, पण हसली — जिंकल्यासारखी! मला वाटलं, संपलं, आता हिला कुणीच परत आणू शकत नाही.

म्हणाली, हा माझा नाहीये. मी आतला सोळाचा बिल्ला दाखवला. पोशाखाच्या काखेतलं रफू दाखवलं, पहिल्या तालमीत तिच्याकडूनच फाटलं होतं ते. मग शिवणींच्या खुणा दाखवल्या, एकेका आठवड्याच्या. म्हटलं, बाळा, घट्ट तू नव्हतीस गं. घट्ट मी करत होते. दर आठवड्याला. मला माफ कर.

ती खुणा मोजत होती. एका खुणेवर बोट ठेवून थांबली. "म्हणजे इथेच मी थांबले असते?" विचारलं तिने. मी कशी सांगणार? मला नाही माहीत. तिलाही नसावं. पण तिचा चेहरा असा बदलला की मी हात धरला.

"मावशी," म्हणाली, अगदी हळू, "मला थांबताच येत नाहीये."

बाई खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसल्या. माझी वही ओढून घेतली आणि पानं उलटत राहिल्या. मग उठल्या आणि स्वतः सोळा नंबरला शाल गुंडाळून कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

१८ डिसेंबर

सोळा नंबरची आई आली, तिला घेऊन गेली. दवाखान्यात ठेवणार आहेत. हृदयाचे ठोके फार मंद पडलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ आहे अजून. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, मावशी, असं नसतं विचारायचं.

आईने माझे हात हातात घेतले. तिला काहीच माहीत नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि ती रडायला लागली. मग नाही सांगितलं. पत्र लिहीन. लिहीनच.

२१ डिसेंबर

शेवटचा कार्यक्रम. बाईंनी लेव्हल काढून टाकली. नदी कुणीच झालं नाही, मधली जागा रिकामी ठेवून बाकीच्या वीस जणी नाचल्या. टाळ्या कमी पडल्या. मला पहिल्यांदा न घाबरता डोळे उघडे ठेवता आले.

प्राचार्यांनी सोमवारी भेटायला बोलावलंय. बोलावू देत.

२३ डिसेंबर

सकाळी कपडेपट आवरत होते. पोशाख मोजून पेटीत भरत होते. दारात नऊ नंबर उभी. हाताला अजून पट्टी. म्हटलं, काय गं, सुट्टी लागली ना? आत आली, दार ओढून घेतलं, पण दार लागेना. मागे अकरा नंबर होती. तिच्या मागे आणखी दोघी.

नऊ नंबर म्हणाली, "मावशी, तिने जाताना सांगितलं आम्हाला. आमचेही उसवून दाखवा ना."

कात्री घेतली आहे.