आईची बरणी आणि पाण्याचा पंप

मंगळवार, संध्याकाळ. नाताळ तोंडावर.

दोन्ही कामांना एकच पंप घेऊ, हे मीच म्हणालो. सिल्व्हिया सांगत होती, "पाण्याला पंप घे, वाईनला आईंची नळी आहे ना!" पण बायकोचं ऐकेन तर. टँकरचं पाणी पिंपातून माळ्यावरच्या टाकीत चढवायचं आणि त्याच पंपाने नाताळची वाईन बरणीतून बाटल्यांत काढायची. हुशारी माझी.

आई नळीनेच काढायची. तोंडाने ओढायची, पहिला घोट तिचा, मग नळी बाटलीत. "हळू, गाळ उठेल." नंदाखाल गावातल्या घरी बरणीत द्राक्षं घालून, फडकं बांधून ठेवलं तिने, आणि मेमध्ये गेली. ही तिची शेवटची बरणी.

आज पंपाने एका दमात तळ गाठला. साली, गाळ, सगळं ढवळून निघालं. चिखलासारखी वाईन, वर रबराचा वास. बाटल्यांकडे बघवत नाही. नळी का नाही घेतली मी? आईचा पहिला घोट माझ्या तोंडात आला असता म्हणून? हो, तेच असणार.

तेवढ्यात टँकर आला. पंप धुवायला घरात पाणी कुठे होतं? तसाच लावला. कितीतरी दिवसांनी टाकी काठोकाठ भरली. सिल्व्हियाने नळ सोडला, पेला भरून माझ्यापुढे ठेवला. पाण्याला आईच्या वाईनचा वास.

घरात एवढं पाणी, आणि मला पहिला घोट घेववत नाही.