महेश्वरी मावशी तरंगायला शिकली

वालूर, ता. सेलू, जि. परभणी
दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. शिवरंजनी,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल. तुझ्या आईशी परवाच बोलणं झालं, लातूरला ती बरी आहे. तिकडे चीनमध्ये थंडी पडली असेल, कानाला बांधत जा. मानवतचा एक मुलगा सुट्टी संपवून तुमच्याच कॉलेजात परत निघालाय. त्याच्यासोबत शेंगदाण्याची चटणी, दिवाळीच्या चकल्या आणि हे पत्र देते आहे. फोनवर तू मधेच हसतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून कागद घेतला.

झाली खुशाली. आता ऐक. मला तरंगता येतं!

खोटं नाही गं. यंदाच्या पावसानं सोयाबीन नेलं, पण मळ्यातली विहीर काठोकाठ भरली. त्या विहिरीत मी पाठीवर पडून राहते. हात पसरून, कान पाण्याखाली आणि तोंड आभाळाकडं. सत्तावन्न वर्षांची ही एवढी जाड बाई, आणि पाणी मला पानासारखं वर धरतं! खाली काही नाही, हाताला काही नाही, तरी मी बुडत नाही. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी इतकी मोठ्यांदा हसले की नाकातोंडात पाणी गेलं.

आणि दुसरी गंमत. मी पंजाबी ड्रेस घातला! साडी पायात गुंडाळते म्हणून शिवकन्येनं तिचा जांभळा ड्रेस काढून दिला. बाह्या दंडाला रुतत होत्या, पण काय मोकळं वाटतं! तुझ्या आईला पोहण्याचं सांग, ड्रेसचं सांगू नकोस.

मला शिकवलं तेही शिवकन्येनंच. आपली सून गंगाकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, माहेरी घाटावर भावंडांबरोबर पोहत वाढलेली. लग्न होऊन आली त्याला तीन वर्षं झाली, पण मला हे ठाऊकच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हण.

उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा ओट्यावर बसून त्या चिनी ताओच्या शिकवणीबद्दल सांगत होतीस, आठवतं? तुमच्या कॉलेजमागच्या बागेत म्हातारी माणसं सकाळी हळूहळू हात हलवत उभी राहतात, आणि त्यातली एक आजी तुला म्हणाली होती की पोरी, जगण्याला फार जोर लावू नको. पाणी जोर लावतं का? उतार दिसला की आपसूक निघतं, आणि जाईल तिथं हिरवं करतं. जेवढं लागतं तेवढं घ्यावं आणि पुरे झालं की तोंडानं पुरे म्हणावं. मी मेथी निवडत होते. म्हणाले, "तिकडच्या म्हाताऱ्यांना कामधंदा न्हाई वाटतं."

तू हसलीस. मग आवाज खाली करून म्हणालीस, "मावशी, वहिनीला जाऊ दे ना हैदराबादला."

मी मेथी उचलून आत गेले.

खरं तर आजही नुसती तरंगण्याची गंमत लिहून पत्र बंद करणार होते. पण ही वेळ कशी आली ते टाळलं तर गंमत अर्धीच राहते. लिहितेच.

माझ्या महांतेशला हैदराबादच्या कारखान्यात नोकरी लागली ती संक्रांतीच्या सुमारास. खोली बघून झाली तसा तो शिवकन्येला न्यायला आला. मी गुडघे धरून बसले. "मला उठवत न्हाई, बसवत न्हाई, हिला नेलंस तर मला पाणी कोण देईल?" तो गेला, ती राहिली. पुढच्या वेळी पुन्हा गुडघे. तुझे काका गेल्यापासून घर कसं खायला उठतं हे मी कुणाला बोलले नव्हते. त्याऐवजी मी सगळं मुठीत धरलं. डब्यांच्या किल्ल्या, कुणी कधी जेवायचं, दिवा कधी मालवायचा, आणि ही पोर.

दिवाळीला महांतेश आला. भाऊबीज झाल्यावर एकटाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मळ्यात होतो. शिवकन्या म्हणाली, "आत्या, एकदा नीट बोलू का?"

"कशाबद्दल बोलायलीस ते कळतंय मला," म्हणत मी तरातरा विहिरीकडं गेले. रागात पायऱ्या उतरले. पाय धुवायला वाकले आणि शेवाळावरून जी घसरले ती थेट पाण्यात.

शिवरंजनी, पाण्याखाली आवाजच नसतो गं. हिरवं हिरवं नुसतं. वर आले तेव्हा शिवकन्या साडीनिशी उडी टाकून माझ्यापाशी पोचली होती. मी तिच्या गळ्याला मिठी मारली. अशी मारली की सुटता सुटेना.

"आत्या, सोडा मला! सोडलं तरच तुमाला काढता येतंय!"

"न्हाई सोडत!"

विहिरीतसुद्धा मी न्हाईच म्हणाले! आता लिहिताना हसू येतं, तेव्हा दोघी खाली चाललो होतो.

पाण्यात मी डोळे उघडले. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. तिच्या तोंडातून बुडबुडे निघत होते आणि ती माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. ही मरायलीय, आणि माझ्या हातानं मरायलीय, एवढंच माझ्या ध्यानात आलं. मग मी हात सोडले. वाचायचं म्हणून नाही सोडले, खरंच सांगते. मी मेले तरी चालेल, ही जाऊ दे, असं वाटलं.

आणि हात सुटले तशी मी वर आले.

कसं ते मला सांगता येणार नाही. कुणी खालून अलगद उचलावं तशी आले. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या करंड्यासकट हनुवटीपाशी तरंगत होतं. मागून शिवकन्येनं हनुवटीला हात लावला आणि धापा टाकत म्हणाली, "पाय मारू नका. काहीच करू नका आत्या. आभाळाकडं बघा नुसतं." मी बघितलं. तिनं मला ओढत पायरीपर्यंत आणलं.

दोघी ओल्या चिंब, पायरीवर बसलो. तिच्या गळ्यावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते. मी हात लावायला गेले तर ती दचकली. ते मला अजून विसरता येईना.

घरी आलो. चहा मी केला. कप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुझी बॅग भर. महांतेशला फोन लाव, येऊन घेऊन जा म्हणावं."

तिनं कप खाली ठेवला. "रागानं बोलायलाव का आत्या?"

"न्हाई. आणि जायच्या आधी मला ते शिकव."

"काय?"

"काहीच करायचं न्हाई ते."

अगं, ती हसली! आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी तसं कुणी हसलं.

मग रोज सकाळी विहीर. शेजारच्या मळ्यातली बायनाबाई दोर धरून काठावर बसायची आणि ओरडायची, "महेश्वरीबाई, म्हसरं पण तुमच्यापेक्षा बरी पवतेत!" मी मान ताठ करायचे, पाय झाडायचे, शिवकन्येचं मनगट धरायचे. जितकं धरायचे तितकी खाली जायचे. ती म्हणायची, "तुमी लय मेहनत करायलाव." कधी जमायचं, कधी नाही. मग एका सकाळी तिचा हात पाठीखालून कधी निघाला ते मला कळलंच नाही. ती लांब पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती आणि मी पाण्यावर! तुझी ती चिनी आजी भेटली तर तिला माझा शरणु शरणार्थी सांग. म्हणावं, वालूरच्या एका बाईला तुमचं म्हणणं डोक्यातून न्हाई, पाठीतून कळलं.

शुक्रवारी दोघं गेली. सेलू स्टेशनला मी सोडायला गेले होते. महांतेश सामान चढवत होता. शिवकन्या पाया पडली आणि म्हणाली, "एकट्या विहिरीत उतरू नका. आणि गुडघे दुखले की फोन करा, मी येते."

गाडी सुटायची वेळ झाली होती. मला राहवलं नाही. म्हणाले, "पोरी, गुडघे कधी दुखतच नव्हते."

"म्हायीत हाय आत्या," ती म्हणाली. "जिना कसा चढताव ते दिसतंय की रोज."

"मग राहिलीस कशाला?"

"तुमाला भ्या वाटायलं होतं. ते पण दिसत होतं."

गाडी हलली.

इतके दिवस मला वाटत होतं की मी तिला धरून ठेवलंय. तीच मला धरून होती, शिवरंजनी. तेही असं की मला कळूसुद्धा दिलं नाही.

आता घरात मी एकटी. खोटं कशाला सांगू, पहिला दिवस कठीण गेला. पण एक भाकरी, थोडी चटणी, दुधी असला तर दुधी, एवढ्यात पोट भरतं हे मला नव्यानं कळायलंय. डब्यांना कुलूप लावत नाही. भूक लागली की जेवते, अंधार पडला की झोपते. आणि बायनाबाईला पोहायला शिकायचंय! नवऱ्यानं नको म्हटलं तर त्यालाही काठावर बसवते म्हणाली. उद्यापासून सुरुवात. मीच शिकवणार, विचार कर!

आज सकाळी शिवकन्येचा फोन आला. खोलीच्या खिडकीतून एक शेवग्याचं झाड दिसतं म्हणाली. मग विचारलं, "जेवलाव का? कसं वाटायलंय?" आधीची मी असते तर कण्हत म्हणाले असते की बरं नाही. म्हणाले, "जेवले. तुझी लय आठवण आली, आणि मी बरी हाय."

ती म्हणाली, "येऊ का आत्या?"

"तुला वाटेल तवा ये," मी म्हणाले, आणि ते मनापासून निघालं.

तूही अभ्यास टाकून माझ्यासाठी धावत येऊ नकोस. आलीस की विहीर दाखवीन.

तुम्हा सगळ्यांची वाट बघणारी, पण कुणालाच न ओढणारी,
तुझी महेश्वरी मावशी