पेटाऱ्यातल्या दहा रायफली

३ ऑगस्ट, शनिवार

एकतीस वर्षांपूर्वी याच महिन्यात आम्ही तिघं मागच्या पडवीत त्या पेटाऱ्यावर ओळीने बसून कलिंगड खात होतो. नुमा, मी आणि मध्ये उर्सिन. पेटारा ट्रकमधून उतरवताना दोघा भावांच्या कमरेचे काटे ढिले झाले होते. उर्सिनने बी थुंकली ती थेट कोंबडीच्या डोक्यावर! नुमा हसता हसता खाली घसरला. दिराचं तोंड मी माझ्या एप्रनने पुसलं. त्याचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. त्याच्या शर्टांना इस्त्री मीच करायची.

आज तो पेटारा कटावणी लावून उघडला.

आत दहा रायफली. कुठल्याशा परक्या फौजेसाठी बनवलेल्या, कुणी कधी न वापरलेल्या. कागदात गुंडाळलेल्या आणि वर बोटभर ग्रीस, गंबोच्या रश्शासाठी पीठ तेलात काळपट होईपर्यंत परततो ना, अगदी तोच रंग! एकतीस वर्षं नुमा सगळ्यांना बजावत होता, "त्या ग्रीसला कुणी बोट लावायचं नाही." नेमबाजांच्या क्लबात न उघडलेल्या पेटाऱ्याला मान असतो. एकदा पुसलं की गेलं, पुन्हा काही तसं होत नाही.

म्हणूनच पुसणार आहे.

४ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये मिस्साला बसले, पण लक्ष नव्हतं. नीट लिहून काढते.

अकरा महिने नुमा पुढच्या खोलीत आजारी पडून होता. उर्सिन खाडीच्या याच काठाला चार मैलांवर राहतो. एकदाही आला नाही. संध्याकाळी रस्त्यावर गाडी वाजली की नुमा मान वळवायचा. "उर्सिनचा ट्रक का गं?" "नाही रे, उसाची गाडी." अकरा महिने उसाची गाडी! उसाचा हंगाम नसतानाही मी तेच सांगायची आणि तो मान डोलवायचा.

नुमाच्या दफनाच्या दिवशी मात्र साहेब हजर. हातात बटाट्याच्या सॅलडची बशी. "वहिनी, मला आजारी माणूस बघवत नाही. काय करू, स्वभावच तसा." घास गिळला, आणि लगेच, "पेटारा कधी नेऊ?"

नुमाला मी शब्द दिलाय. "पेटारा उर्सिनला दे," म्हणाला; "देईन," म्हणाले. उघडू नकोस, असं त्या दिवशी तो म्हणाला नाही. एकतीस वर्षं म्हणत होता, पण त्या दिवशी नाही. मी नन्सच्या हाताखाली शिकले आहे. दिलेला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते मला बरोबर कळतं.

७ ऑगस्ट, बुधवार

नुमाच्या जुन्या बनियनांच्या चिंध्या केल्या. आधी थोडं रडले, मग फाडल्या.

लोखंड सोपं. खरा त्रास लाकडाचा. वरून पुसावं तर तासाभरात आतून पुन्हा पाझरतं. सिस्टर पर्पेत्यू आम्हाला पितळेच्या मेणबत्तीदाण्या घासायला लावायच्या. "ओडिल, जे दिसतं ते सगळेच घासतात. तू खाच घास." खाचा घासते आहे, सिस्टर. दात घासायच्या ब्रशने. इतकं मन लावून तेव्हाही घासलं नव्हतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

शेजारची एल्डा आली, बघून दारातच थिजली. "अगं बाई! उर्सिनला झटका येईल!"

"येऊ दे."

"मग मलाही दे एक चिंधी."

पुसताना तिनेच युक्ती सांगितली. लाकडं सुटी करून कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत, मांजराच्या शौचासाठी मिळते त्या वाळूत पुरायची, आणि बंद गाडीत उन्हात ठेवायची. ग्रीस घामासारखं बाहेर येतं, वाळू ते पिते. तिचा नवरा बदकं मारायचा, त्यामुळे तिला बंदुकांतलं सगळं कळतं.

दुकानातली मुलगी वाळूची सहा पोती मोजत म्हणाली, "किती मांजरं आहेत मॅम?"

"एकच. चार मैलांवर राहतं."

१० ऑगस्ट, शनिवार

नुमाच्या ट्रकमध्ये दहा काळ्या पिशव्या शेजारी शेजारी. काचा बंद. आत भट्टी! दुपारी लेक आली, नोएली. खिडकीतून डोकावली आणि किंचाळलीच. "मम्मा, कोण आहे यात?"

सांगितल्यावर आधी हसली. मग म्हणाली, "उर्सिनकाकाशी एकदा बोल ना सरळ. भांड. पण हे काय?"

भांडायला माणूस समोर यावा लागतो, म्हटलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

मोठीच चूक केली. दहाही रायफलींचे बोल्ट काढले (गोळी आत ढकलून मागचं दार लावणारा लोखंडी दांडा) आणि गंबोच्या मोठ्या पातेल्यात साबणाच्या उकळत्या पाण्यात एकदम टाकले. भांडी घासतो तसे! एल्डाने कपाळाला हात लावला. "चमचे आहेत का गं हे? प्रत्येकाचा नंबर असतो. ज्याचा दांडा त्यालाच बसवायचा. दुसऱ्याचा बसवून बार काढला तर तोंडावर फुटायचा. आणि दांड्याशिवाय ती रायफल म्हणजे नुसती काठी."

उर्सिनच्या तोंडावर फुटायला नकोय मला. तेवढं नाही. हे लिहिण्याआधी क्षणभर विचार केला, तेही लिहून ठेवते.

दोन चष्मे एकावर एक लावून नंबर जुळवत बसले.

१५ ऑगस्ट, गुरुवार. मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण

सगळे जुळले. प्रत्येक दांड्याला तेल लावून नंबराची चिठ्ठी बांधली. गंबोला तेच पातेलं वापरलं, तर चव इंजिनची! एल्डाने दोनदा वाढून घेतला.

१९ ऑगस्ट, सोमवार

उर्सिनचा फोन. "वहिनी, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी क्लबात पेटारा मांडायचाय. सगळ्यांना सांगून ठेवलंय. शनिवारी येतो. तू जड उचलू नकोस हं."

किती ती काळजी!

"ये," म्हटलं. "वाट बघते."

२२ ऑगस्ट, गुरुवार

दहाही झाल्या. लाकूड अक्रोडासारखं चमकतंय, नळ्या काळ्या कुळकुळीत. पडवीच्या भिंतीला ओळीने उभ्या करून वर चादर टाकली. त्याचा चेहरा कसा होईल, ते दिवसातून चारदा मनात बघते. पापच आहे. सोडवत नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

आला. बरोबर झिंग्यांची पिशवी. मी चादर ओढली.

तो पायरीवर मटकन बसला. आता छाती धरेल, ओरडेल, मला शिव्या घालेल. मी तयार होते! तीन आठवडे तयारी केली होती. अकरा महिन्यांतलं एकेक वाक्य ओठांवर होतं.

त्याने एक रायफल उचलली, गालाला लावली, डोळे मिटले. "वहिनी… तीस वर्षं नुमाला म्हणत होतो, एक तरी उघडू या रे! एक तरी बघू या! अंगावर यायचा माझ्या. आणि तू — माझ्यासाठी — दहाच्या दहा?"

"पण क्लब?" मी म्हटलं.

"क्लब गेला खड्ड्यात. असल्या सुंदर कुणाकडे आहेत?" आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. झिंग्यांचा वास!

एकीचा दस्ता त्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं.

गुणगुणत दहाही ट्रकात चढवल्या, पेटाराही. तासभर होता. नुमाचं नाव त्याने दोनदा घेतलं, दोन्ही वेळा पेटाऱ्यासाठीच. पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. निघताना विचारलं, "दांडे कुठेत गं?"

स्वयंपाकघरात टेबलावर होते. दहा पावलांवर.

"अजून वाळतायत," म्हटलं. "पाठवते."

का म्हटलं, कोण जाणे. उठावंसं वाटलं नाही एवढंच.

२५ ऑगस्ट, रविवार

आयुष्यात एवढा राग आला नव्हता. सूड म्हणून घासलं आणि त्याचं तीस वर्षांचं स्वप्न पुरं केलं! नोएली फोनवर हसू दाबत होती. मला ते ऐकू येत होतं.

झिंगे एल्डाला दिले.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दहा दांडे, दहा चिठ्ठ्या. नुमाकडे आलेली माणसं मोजली. उद्या नोएलीने हे पोहोचवायचे, आणि उर्सिनला नुसती नावांची यादी द्यायची.

पहिला फादर लेमोइनना. कुबड्या टेकत आले होते; आता स्वतःच वृद्धाश्रमात, डावी बाजू गेलेली. दुसरा एल्डाला. तिसरा क्लोव्हिस न्हाव्याला, दर शनिवारी घरी येऊन दाढी करायचा. चौथा नर्स ड्वेनला. पाचवा, सहावा, सातवा साखर कारखान्यातल्या नुमाच्या तिघा सोबत्यांना. आठवा टपालवालीला, पत्रं पेटीत न टाकता पलंगापाशी आणून द्यायची. नववा म्हाताऱ्या मिस पर्लना. त्यांना ऐकू येत नाही, ओरडावं लागेल.

सगळ्यांना एकच अट. उर्सिन दांडा मागायला आला की त्याने आत येऊन बसायचं, कॉफी प्यायची, तब्येतीची चौकशी करायची. पूर्ण एक तास, घड्याळ लावून. मगच द्यायचा.

दहावा माझ्याकडे. त्यासाठी त्याने पुढच्या खोलीत, नुमाच्या पलंगाशेजारी बसायचं. बोलणार मी. अकरा महिन्यांतला एकही दिवस गाळणार नाही.