उजवीकडच्या सीटवर सुधा

नॉटिंगहॅम, शनिवार, १४ मे १९८८

उद्या आमची मस्टँग गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. मी रिटायर झाल्यापासून सुधाचं एकच टुमणं, "अहो, ही राक्षसीण विका आता." शेवटी हो म्हटलं. म्हणून आज शेवटची फेरी. तरुणपणी मी नोकरीला होतो त्या हॉस्पिटलच्या आवारात एका अमेरिकन डॉक्टरची अशी गाडी पहिल्यांदा ऐकली होती. हो, दिसायच्या आधी ऐकलीच. इंजिन चक्क भुजंगप्रयात म्हणत होतं, लगागा लगागा. तेव्हाच ठरवलं, घेईन तर हीच.

सुधा कायम मागे बसायची. अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे. पुढे उजवीकडे बसलं की समोरचे ट्रक अंगावर येतात म्हणे. आज मात्र पुढे बसली. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

समुद्राकडच्या रस्त्यावर पुढे एक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, डुलत चाललेली. डावीकडून मला पलीकडचं काही दिसेना. सुधा खिडकीकडे झुकली.

"थांबा, समोरून व्हॅन येतेय. थांबा... हं, जा आता."

गेलो. काय ती गर्जना, लगागा लगागा. आणि सुधाचं ते "जा". जन्मभर "हळू" म्हणत आलेली बाई. वर म्हणते कशी, "तो पुढचा ट्रॅक्टरपण टाका की मागे."

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि इंग्लिशमध्ये ठणकावून सांगितलं, गाडी विकायची नाही, ती आम्ही दोघं मिळून चालवतो.