रोजची एक कुरकुर

सोमवार, ३ जून

आले एकदाची! नवं शहर, नवी नोकरी आणि पहिल्यांदाच स्वतःची खोली. खिडकीतून समोरच्यांचं सगळं धुणं दिसतं, त्यामुळे शेजाऱ्यांची अर्धी ओळख झाल्यातच जमा. घरमालकीणबाई खाली राहतात. किल्ली द्यायच्या आधी त्यांनी मला फोनमधल्या माझ्या फोटोशी दोनदा ताडून पाहिलं. मला हसू आलं. संशयी स्वभावाचा मक्ता माझ्याकडेच आहे असं मी आजवर समजत होते.

ऑफिस लखलखीत आहे. दाराला किल्ली नाही, कार्ड नाही. समोर उभं राहून स्वतःचं नाव घ्यायचं आणि ‘मी आलेय’ म्हणायचं, की दार उघडतं. त्यासाठी आज माझ्याकडून पानंच्या पानं मोठ्यानं वाचून घेतली, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. ताईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ठिपकी, नोकरी लागलीय की सिनेमात काम मिळालंय? हनुवटीवरच्या तिळामुळे मी तिची ठिपकी. दुसऱ्या नावानं तिनं मला कधी हाकच मारली नाही.

बुधवार, ५ जून

काम कळलं. लोकांची नावं धुऊन द्यायची. कुणाबद्दल इंटरनेटवर वाईटसाईट आलं, की त्याच्याच नावानं इतकं चांगलं लिहायचं की ते वाईट तळाशी जातं. याला इथे ‘भराव’ म्हणतात. माझ्या वाट्याला एक दंतवैद्य आलाय. त्यानं एका बाईचा धडधाकट दात उपटला आणि ती काही गप्प बसायला तयार नाही.

आमच्या वरच्या मॅडमचा एकच नियम आहे. रोजच्या मजकुरात एक बारीकशी कुरकुर हवीच. बूट चावला, चहा निवला, असलं काहीतरी. नुसतं गोडगोड लिहिलं की लोकांना शंका येते, कुरकुर केली की माणूस खरा वाटतो. आता मला कुरकुर करायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातलाच प्रकार. दंतवैद्याच्या तोंडी मी माझा गळका नळ घातला, जिन्यात आपटलेलं कोपर घातलं. मॅडम बेहद्द खूश झाल्या.

मंगळवार, ११ जून

मॅडम म्हणाल्या, दंतवैद्याला थोडं बालपण द्या. मी आमची चिमणी दिली. लहानपणी ताईनं आणि मी एक मेलेली चिमणी बिस्किटाच्या डब्यात ठेवून अंगणात पुरली होती आणि कुणालाही सांगायचं नाही अशी शपथ घेतली होती. वाचून लोक गहिवरले. दात गेलेल्या बाईला आता कुणी विचारत नाही.

शेजारच्या टेबलावर गोडबोल्या बसतो. नाव मी ठेवलंय, त्याला ते माहीत नाही. त्यानं सांगितलं की कर्मचाऱ्यांचं नावही कंपनीच सांभाळते, फुकटात. करारात तसं आहे म्हणे. करार शेवटपर्यंत कोण वाचतं?

सोमवार, १७ जून

ताईचा फोन आला. निळा ड्रेस तुला फार खुलतो, म्हणाली. कुठला निळा ड्रेस? शोधलं तर माझ्या नावानं एक पान आहे, त्यावर मी निळ्या ड्रेसमध्ये बागेत बसलेय. ना तो ड्रेस माझा, ना ती बाग मी पाहिलेली. खाली लिहिलंय, ‘छान गेला रविवार! फक्त मेला नळ तेवढा गळतोय.’

नळाचं मी फक्त घरमालकीणबाईंना सांगितलं होतं. त्याच चुगल्या करत असणार. तडक खाली गेले, तर बाई म्हणाल्या की त्या ते पान रोज वाचतात, किती छान लिहितेस! माझा राग जागच्या जागी विरला, पण संशय काही गेला नाही.

फोटोत माझी हनुवटी स्वच्छ आहे. तीळ पुसलाय.

गुरुवार, २० जून

उगाच बाईंवर संशय घेतला. गोडबोल्याच मला लिहितो, म्हणजे माझ्या नावाचं ते पान. जाता जाता त्याच्या स्क्रीनवर पाहिलं. दंतवैद्याचा सगळा मजकूर उघडा होता आणि त्यातल्या माझ्या कुरकुरी पिवळ्या करून ठेवल्या होत्या. जाब विचारला तर शांतपणे म्हणाला, तुमची कुरकुर अस्सल असते, वाया कशाला घालवायची? शिवाय आता त्याला फार लिहावं लागत नाही. पान आपलं आपण बोलतं, माझ्याच आवाजात, फोनवरसुद्धा.

मॅडमना म्हटलं, बंद करा हे. त्या म्हणाल्या, तुमच्यापेक्षा तिलाच जास्त लोक ओळखतात.

तिला!

शुक्रवार, २१ जून

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सकाळी तर ठणठणीत होतीस. मी सकाळी तिच्याशी बोललेच नव्हते. मला रडू फुटलं, तेव्हा म्हणाली, परवा येते. तोवर कुणाचाही फोन आला तर चिमणीचं विचारीन, ते आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. चिमणी तर मी दंतवैद्याला देऊन टाकलीय, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं फोन ठेवला होता.

परत लावला. बिझी. तासभर बिझी. कुणाशी बोलतेय ती —

शनिवार

पान बंद करून घ्यायला ऑफिसात गेले. दारासमोर नाव घेतलं. दार म्हणालं, आपण आधीच आत आहात. पुन्हा घेतलं. तेच.

काचेतून गोडबोल्या दिसला. अनोळखी माणसाला बघून हसतात तसं हसला.

आता फोनही चेहरा ओळखत नाही. उघडतच नाही. ताईला कळवू कसं —

रविवार

दाराला बाहेरून कडी. बाई पलीकडून ओरडताहेत की भाडेकरू मुलीनं खोली सोडल्याचं स्वतः कळवलंय, आत कुणी भामटी घुसलीय. मी म्हणाले, ती भाडेकरू मीच. त्या म्हणाल्या, तिनं सांगितलंच होतं तू असं म्हणशील.

ताई येईपर्यंत थांबायचं. ताई ओळखेल.

रविवार, दुपार

आली! जिन्यात तिचाच आवाज — फोनवर — “हो गं ठिपकी, दाराशीच आहे.”

ओरडले. ताई, मी इथे आहे! ती फोनमध्ये म्हणाली, “आवाज अगदी तुझा काढते गं.”

चिमणी, म्हणाले. बिस्किटाचा डबा. अंगण. ताईनं फोन कानाशी घट्ट धरला — मग फोनला म्हणाली, खरंच की, त्या दंतवैद्याचं वाचूनच आलीय ही.

कडी निघाली. वाटलं, सुटले. तिनं फोन माझ्या तोंडाशेजारी धरला. आधी फोटो पाहिला. मग मला. मग परत फोटो.

म्हणाली, माझ्या ठिपकीला असला तीळ नाही.

ताई, ठिपकी का म्हणतेस मग — ठिपकी का —

कडी परत लागली. दोघी खाली पोलिसांची वाट बघताहेत.

फोटोत तीळ नाही. म्हणजे तीळ नसला तर ती ओळखेल. एवढंच तर आहे. नखानं निघत नाही. कात्री आहे. ती वर यायच्या आत —

जिन्यात पावलं. झालंच. ताई, बघ आता —

छान गेला रविवार. फक्त हनुवटी तेवढी झोंब