नझीहसाहेबांची कॉफी

प्रिय रनीम, माझ्या डोळ्यांच्या उजेडा,

तर सगळ्यात आधी काठी टेकत कोण आलं असेल? अबू हाकिम! अख्खं सल्त गाव ज्यांचा शब्द मानतं ते आपल्या दारात, आणि मी मेली द्राक्षाची पानं गुंडाळत बसलेली, हात भाताने बरबटलेले. पानं यंदा कोवळी मिळाली हो. त्यांच्यामागून गावची आणखी मोठी माणसं, आणि सगळ्यांत शेवटी अत्तराचा घमघमाट सोडत तुझे ते मालक, नझीहसाहेब. तू काम सोडलंस, पाठोपाठ बाकीच्या मुलीही उठून गेल्या, औषधांची खोकी गोदामात पडून राहिली. तेव्हा कुठे साहेबांना आपलं घर सापडलं!

माझ्या लेकाने, तुझ्या बापाने, कॉफी ओतली. अबू हाकिमांनी पेला तसाच खाली ठेवला. "फवाज, पोर परत कामावर येते म्हण, मगच पितो." तुला ठाऊकच आहे, मागणं मान्य झाल्याशिवाय कुणी पिणार नाही, आणि न पिता उठले तर गावात मान आपली खाली. तुझा बाप तर असा भिडस्त! 'हो' त्याच्या ओठांवर आलंच होतं गं. तू सकाळी नळ सोडून न्हाणीत रडायचीस ते मला ऐकू यायचं. तुला सगळ्यांपुढे उभं करून तो नझीह तुझ्या चुका वाचायचा आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावायचा, हे तुझ्या मैत्रिणीने मला मागाहून सांगितलं.

तेवढ्यात त्याचा ड्रायव्हर कुनाफा मिठाईची परात घेऊन आला. बिचारा पिकल्या केसांचा माणूस. उंबऱ्यात परात जराशी कलली, पाक सांडला. झालं! साहेब कडाडले, "गाढवा, एवढंही जमत नाही? उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर! अबू हाकिमांनी विचारलं, "पोरीशीही असंच बोलायचास?" तर हा हसतो. म्हणतो, "काका, धाक नसला तर लोक डोक्यावर बसतात."

म्हाताऱ्याने काठी आपटली. "फवाज, आमचं मागणं बदललं. असल्या कामासाठी तुझ्या दारी आलो, तेवढी माफी दे." तुझा बाप जवळजवळ ओरडलाच, "दिली, काका, दिली! घ्या कॉफी!" सगळ्यांनी पेले उचलले. नझीहसाहेबांचा पेला तेवढा राहिला, तो मी नंतर मोरीत ओतला. ड्रायव्हरला आत बसवून पोटभर जेवू घातलं. अबू हाकिम त्याला आपल्या नातवाच्या दुकानावर घेताहेत.

फोन तू बंद करून ठेवलायस, म्हणून हे अकबाच्या बसवाल्याच्या हाती धाडतेय. आता आत्याकडे लपून राहू नकोस, बाळा. बापाने शब्द दिलेला नाही, तुला कुणी परत पाठवत नाही. ये घरी, पोटभर झोप. अबू हाकिम बायकोला घेऊन तुला भेटायला पुन्हा येणार आहेत. येत्या गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर.

तुझीच,
पानं गुंडाळणारी आजी