माशाची बोटं

४ फेब्रुवारी

दगड आला एकदाचा! दोघा हमालांनी उचलून माझ्या टेबलावर ठेवला. याच्यापायी दादा खाणीच्या कड्यावरून पडला — आणि मी याला फडक्याने पुसतेय. हात लावावासा वाटेना. पण संग्रहालयात आमचं असंच चालत आलंय. दादा जीवाश्म शोधून आणतो, मी ते दगडातून कोरून मोकळे करते. दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही, असं आमच्या विभागाच्या मॅडमना आधीच बजावून ठेवलंय.

५ फेब्रुवारी

दादाचं म्हणणं, हा मासा आहे आणि याच्या पराला बोटं आहेत. सहा! खाणीत भिंग लावून मोजली म्हणे. खरं असेल तर पाण्यातला प्राणी जमिनीवर कसा चढला, त्यातली एक पायरी आमच्या हाती लागली. सदतीस कोटी वर्षांपूर्वीची. आज हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसले, तर दुसरा विषयच नाही. पाठीचा कणा मुळात पाण्यात पोहण्यासाठी झाला, म्हणाला, आपण उगाच तो उभा केला आणि अख्खा माणूस त्यावर टांगला; मोडणारच. मी हसले. मग बाहेर येऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

डॉक्टर म्हणालेत, तो पुन्हा चालणार नाही. आईची सगळ्यांना ताकीद — त्याला इतक्यात सांगायचं नाही, जरा उभारी येऊ दे. त्याची उभारी म्हणजे हा दगड! आणि कोरायची सुई माझ्या हाती.

९ फेब्रुवारी

कवटी मोकळी झाली. दातांची ओळ अगदी शाबूत. माझा डबा तसाच परत आणला.

१३ फेब्रुवारी

बोटं नाहीत.

सुई टोकापर्यंत नेली. दादाला दिसली ती पेरं आहेत, पण पुढे प्रत्येकाला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी बारीक फाटे. बोट असं फुटत नाही. पराचे काटे फुटतात. म्हणजे साधा पर, साधा मासा — असले आमच्या तळघरात खोकी भरभरून पडलेत! दादाची तरी काय चूक? खाणीत काट्यांचे बुडखेच तेवढे उघडे होते. मीही बोटंच म्हटली असती. मॅडमनी पाहिलं, चष्मा काढला, वाईट झालं म्हणाल्या.

दादाला परवा घरी आणलाय; मी गेल्या गेल्या त्याने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, दगड फार कडक लागलाय.

१४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. पुन्हा खोटं.

१९ फेब्रुवारी

आता दादासाहेबांना बोटं हाताने चाचपून बघायचीत. दगड घरी कसा आणणार, म्हटलं. तर म्हणे, साचा काढ आणि प्लास्टरची प्रतिकृती बनव. आली का पंचाईत! कशाला मी रोज एकेक बोट मोकळं झाल्याचं तिखटमीठ लावून सांगत बसले?

२२ फेब्रुवारी

केलं. प्लास्टर वाळल्यावर फाटे मेणाने बुजवले. टोकं घासून गोल केली. सहा बोटं, अगदी हुबेहूब. दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं, तर मी त्याला कार्यशाळेच्या दारात उभं केलं नसतं. मॅडमना कळलं तर नोकरी जाईल. जाऊ दे!

२३ फेब्रुवारी

दादाने एकेक बोट अंगठ्याने चाचपलं. खूप वेळ. "छान झालंय," म्हणाला आणि उशीपाशी ठेवून घेतलं. आई किती दिवसांनी हसली! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ फेब्रुवारी

आई बाजारात गेल्यावर दादाने मला दार लावून घ्यायला सांगितलं.

"बोटं नाहीत, हे मला हॉस्पिटलमध्येच कळलं होतं. खाणीतला फोटो मोठा करून पाहिला. कडेच्या एका काट्याला फाटा फुटू लागलेला दिसतो."

मग रोज विचारत का होतास, म्हटलं.

"तू खोटं बोलतेस तेव्हा कशी दिसतेस, ते मला बघून ठेवायचं होतं. आता सांग. मी चालणार का?"

मी हो म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बरं," म्हणाला.